तुरुमती निरोप घेत नाही

“पाखरं निरोप घेत नाहीत, सानिका. तुझ्या त्या यंत्राला हे कोणीतरी सांगून ठेव.”

टेकाळे बाई हे म्हणाल्या तेव्हा मी माझ्या लेकीच्या, सावीच्या हिरडीवर बोट फिरवत होते. तिचा पहिला दात येत होता आणि गेल्या दोन तासांत माझ्या ओढणीचा कोपरा, माझा खांदा आणि बाईंच्या दुर्बिणीचा पट्टा एवढं तिचं चावून झालं होतं. मी “सांगते हं बाई” म्हटलं. पोटात जागा नसताना आपण आईला “घेते हं अजून” म्हणतो, त्याच सुरात. मग बाईंच्या खिडकीशेजारी त्या यंत्राची पांढरी डबी चिकटवली, हिरवा दिवा लागल्याची खात्री केली आणि ऊन चढायच्या आत घरी निघाले.

बाईंनी मला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्या शहरात राहिल्या नाहीत. करंजमाळाच्या कडेला दोन खोल्यांचं घर बांधून तिथे एकट्या राहायला गेल्या. वय एकाहत्तर. लग्न केलेलं नाही. का गेलात, असं कोणी विचारलं तर म्हणत, “माझी माणसं तिकडे आहेत.” त्यांची माणसं म्हणजे तुरुमत्या.

तुरुमती हा पारव्याएवढा ससाणा. डोकं विटकरी, पाठ राखी-निळी, पोटावर बारीक आडव्या रेघा, पाय हळदीत बुडवल्यासारखे. स्वतः घरटं बांधत नाही. कावळ्याचं जुनं घरटं बळकावते आणि मग कावळ्यांनाच त्या झाडाजवळ फिरकू देत नाही. “भाडेकरू असावा तर असा,” बाई म्हणायच्या. नर-मादी जोडीने शिकार करतात. एक गवताला घासत जातो आणि चंडोल उठवतो, दुसरा वरून येतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वही उघडायची विसरले होते. बाई शेजारी उभ्या राहून माझ्याकडेच बघत होत्या, मी वहीत काही लिहिते की नाही ते.

सावीच्या खूप आधी आम्ही दोघींनी माळावरच्या अकरा घरट्यांखाली काड्यापेटीएवढे ध्वनिमुद्रक बांधले होते. तुरुमतीची मादी महिनाभर अंड्यांवर बसते. तेवढे दिवस नर तिला भरवतो. शिकार घेऊन आला की लांबूनच हाक देतो, ती ओ देते, उठून जाते, घास घेते आणि परत बसते. तीन विणींच्या नोंदी ऐकल्यावर आमच्या लक्षात आलं, की प्रत्येक जोडीचा हाक आणि ओ यांचा स्वतःचा ठेका असतो. तो किती वेळ चुकला की खरंच काही बिघडलंय, हे गणिताने सांगता येतं. येणारा पक्षी ओरडत येतो आणि जाणारा गप्प जातो, हेही दिसलं. त्याला एकसुद्धा अपवाद सापडला नाही. आणि दोघं जवळ बसलेली असली की तासन्‌तास आवाज करत नाहीत. त्या शांततेत काळजीचं काही नसतं.

एवढ्यावर आम्ही एक यंत्र शिकवलं. त्याने करायचं काय, तर ऐकायचं. कोण आलं, कोण गेलं, मादी एकटी आहे की सोबत आहे, हे मांडत राहायचं. एकटी असून ठेका चुकला तर आम्हाला कळवायचं. एका वर्षी एक नर पवनचक्कीच्या पात्याला लागून मेला. मादी उपाशी, पण अंडी सोडून उठेना. यंत्राने पन्नास मिनिटांत कळवलं. बाई रोज दोन वेळा त्या झाडाजवळच्या दगडावर पाळीव लाव्यांचं मांस ठेवून येऊ लागल्या. त्या झाडावरून तीन पिल्लं उडाली. त्या दिवशी बाईंनी शिरा केला होता.

एका संस्थेने हे सगळं वाचलं आणि विचारलं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी असं करता येईल का? कॅमेरा नको, अंगाला काही बांधायला नको, बोलणं साठवायला नको. फक्त हाक, ओ आणि दाराचा आवाज. आम्ही हो म्हणालो. म्हणजे मी हो म्हणाले. बाई “बघ बाई” म्हणाल्या.

मराठी शब्दांचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते, पाय सुजलेले, खुर्चीत बसून काम मिळतंय याचाच आनंद. कुठला शब्द हाक, कुठला ओ, कुठला आल्याचा, असे रकाने भरायचे होते. आमच्या घरचे, सासरचे, कोकणातले, नागपूरकडचे असे साडेचारशे शब्द मी भरले. यंत्राचं नाव ठेवलं ‘सोबत’. वर्षभरात ते अकरा हजार घरांत लागलं.

बाईंना मात्र ते नकोच होतं. “मला कशाला सोबत? माळभर ससाणे आहेत.”

“तुमच्यासाठी नाही हो, माझ्यासाठी लावून घ्या,” मी म्हणाले. “मला रात्रंदिवस तुमची काळजी वाटते.”

“तुला पंख्याचीही काळजी वाटते.”

ते खरं होतं. सावी झाल्यापासून मला पंखा पडेल असं वाटायचं, दुधात काही पडलं असेल असं वाटायचं, ती गाढ झोपली की नाकाशी बोट धरायचे. माझा नवरा प्रज्वल पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. तो म्हणायचा, “तुझ्या पोटातच एक यंत्र आहे, ते बंद कर जरा.” मला ते बंद करता येत नव्हतं, पण एक काळजी तरी डबीवर सोपवता आली. आधी मी बाईंना रोज सकाळी फोन करायचे आणि दर रविवारी जायचे. डबी लागल्यावर फोनवरचा हिरवा ठिपका बघायला लागले. ‘सोबत आहे’ किंवा ‘एकट्या आहेत, ठीक’. दोन्ही हिरवे. रविवारही मग पंधरा दिवसांनी यायला लागला, मग तोही चुकायला लागला.

फेब्रुवारीत एकदा बाईंनी स्वतःच फोन केला. “हल्ली आवाज नाही तुझा.”

“बघते ना बाई रोज. तुम्ही हिरव्या असता.”

“मी हिरवी असते होय?” त्या हसल्या. “बरं. सावीला काय रंग आहे आज?”

“पिवळी. गाजर खाल्लंय.”

मग आम्ही दोघी बराच वेळ गाजराबद्दल बोललो. त्यांना आणखी काही सांगायचं होतं का, हे मला आजही माहीत नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊला मी घरट्यांच्या नोंदी उघडल्या. सावीला बारीक ताप होता, ती मांडीवर होती. बाईंच्या घराजवळच्या एकट्या आंब्यावर एक जोडी चार अंडी घेऊन बसली होती. त्या जोडीच्या रोजच्या आलेखात सकाळी सातला एक उंच सुळका असायचा. किकिकिकिकि असा कर्कश आरडाओरडा, चार-पाच मिनिटं. कारण सातला बाई वही घेऊन झाडापासून चाळीस पावलांवर येऊन उभ्या राहायच्या आणि दोन्ही पक्षी त्यांना शिव्या घालायचे. वीस-बावीस दिवस झाले तरी त्या जोडीने बाईंना माफ केलं नव्हतं. बाईंना त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी सुळका नव्हता. मी मागचा दिवस उघडला. सोमवारीही नव्हता. नराच्या हाका होत्या, मादीची ओ होती, सगळा ठेका जागच्या जागी. पाखरं खुशाल होती. फक्त दोन दिवस ती कोणावरही ओरडली नव्हती.

मी बाईंचा ठिपका बघितला. हिरवा. ‘सोबत आहे.’

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग संस्थेच्या मदत क्रमांकावर लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, “ताई, त्यांच्याकडे माणसं आहेत घरात. सोमवारीसुद्धा आजींचा आवाज आलाय. पाहुण्यांच्या गडबडीत फोन राहिला असेल.”

“त्यांच्याकडे पाहुणे येत नाहीत.”

“यंत्र दाखवतंय ना ताई.”

माझं यंत्र. मी फोन ठेवला.

प्रज्वल मनोऱ्यावर होता, चार वाजेपर्यंत खाली येणार नव्हता. तरी त्याला निरोप टाकला. त्याचं उत्तर आलं, ‘हिरवा आहे ना? सावीला उन्हात नेऊ नकोस. मी उतरलो की जाऊ.’ त्याचंही बरोबर होतं. बाहेर एकोणचाळीस अंश, सावीचं अंग कोमट, करंजमाळ चाळीस किलोमीटर. शेजारच्या काकूंकडे तिला ठेवावं म्हणून दारापर्यंत गेले आणि परत आले. तापातलं मूल सोडून जाणं मला जमेना, आणि थांबणंही जमेना. शेवटी दोन ओली दुपटी, पाण्याच्या चार बाटल्या आणि तापाचं औषध घेतलं, सावीला पोटाशी बांधलं आणि गाडी बोलावली.

गाडी चालकाशिवायची. डांबरी रस्त्याला लागल्यावर मी छबुताईंना फोन लावला. छबुताई माळापलीकडच्या वस्तीवरच्या. रोज सकाळी येऊन बाईंचं झाडून-पुसून, भाकऱ्या करून जायच्या. फोनमध्ये ढोलताशे वाजत होते.

“छबुताई, तुम्ही बाईंकडे आहात ना?”

“न्हाई ओ ताई! म्या भाचीच्या लग्नाला आलीया, बार्शीला. रविवारी सकाळीच आमची समदी वस्ती हिकडं आलीया दोन टेम्पो करून.”

“मग बाईंकडे कोण आहे?”

“कोन असनार? एकल्याच हायत त्या. दोन दिसांच्या भाकरी करून ठिवल्या नव्हं.”

“पण यंत्र तर ‘सोबत आहे’ म्हणतंय!” मी जवळजवळ ओरडले. सावी दचकली. “छबुताई, रविवारी निघताना काय झालं, नीट सांगा.”

“काय व्हनार? भाकरी झाकल्या, बाईस्नी म्हनलं ‘येते’, दार वढून घेतलं आन्‌ निघाले.”

“येते म्हणालात?”

“मंग काय, जाते म्हनू? बाईमानसानं दारातनं निघताना जाते म्हनतंय व्हय कुनी? वंगाळ वाटतं ते.”

मी मोबाइल मांडीवर ठेवला. बाईंच्या घराच्या मूळ नोंदी मला उघडता येत होत्या, आजवर कधी उघडल्या नव्हत्या. ठिपका पुरेसा होता. आता उघडल्या.

छबुताई सकाळी यायच्या, “आले हो बाई” म्हणायच्या, दार वाजायचं. यंत्र लिहायचं, एक माणूस आलं. काम आटोपून निघताना “येते” म्हणायच्या, दार वाजायचं. यंत्र लिहायचं, आणखी एक माणूस आलं. वस्तीवरचा दूधवाला “येतो आजी” म्हणायचा. आणखी एक. गॅसवाला, पोस्टातला, मी स्वतः. “येते हं बाई, उशीर झाला.” आम्ही सगळे निघताना येत होतो. जाणं म्हणजे मुकाट्याने दार वाजणं, असं यंत्र ससाण्यांकडून शिकलं होतं, आणि त्या घरातून मुकाट्याने कोणी कधी गेलंच नव्हतं. ‘येते’ हा शब्द आल्याच्या रकान्यात मी घातला होता. सातव्या महिन्यात, सुजलेल्या पायांनी, एका क्षणाचाही विचार न करता.

बाईंच्या त्या दोन खोल्यांत, यंत्राच्या मते, आता एकशे अठ्ठावीस माणसं राहत होती.

त्याखाली सोमवारच्या नोंदी होत्या. ‘हाक.’ ‘हाक.’ ‘हाक.’ दुपारपर्यंत एकसष्ट. यंत्राने त्यांच्यापुढे काहीच खूण केली नव्हती. भरलेल्या घरात एक बाई कोणाला तरी हाक मारत होती, त्यात कळवण्यासारखं काय होतं?

मंगळवारच्या पानावर हाक नव्हती.

डांबर संपलं तिथे गाडी थांबली. “पुढचा रस्ता नोंदीत नाही,” ती म्हणाली. मी तिला बरंच काही बोलले. उपयोग नव्हता. रुग्णवाहिकेला फोन करून खूण सांगितली, माणसाने चालवायची गाडी पाठवा म्हणून बजावलं, ओलं दुपटं सावीच्या डोक्यावर टाकलं आणि माळावरून चालत सुटले. दीड किलोमीटर. कुसळं सलवारीत घुसत होती. सावी आधी रडली, मग गप्प झाली, आणि ती गप्प झाली की मी थांबून तिच्या नाकाशी बोट धरत होते. मग पुन्हा चालत होते. ती चाळीस मिनिटं मी एकाच वेळी दोन जिवांची वाईट आई होते.

आंब्यावर तुरुमतीने मला पाहिलं आणि मला शिव्या घातल्या. मी तिला म्हटलं, “घाल बाई, घाल.”

दार लोटलेलंच होतं. बाई मागच्या खोलीत जमिनीवर होत्या, माळ्यावरच्या वह्या काढायला चढलेलं स्टूल त्यांच्याजवळ आडवं पडलेलं. ओठ फुटलेले, डोळे मिटलेले, एक पाय विचित्र वळलेला. मी गुडघ्यांवर बसले. हाक मारायला तोंड उघडलं. हाक सावीने मारली. तिचं काय ते “आऽऽ बा!” असं, घरभर घुमेल एवढ्या जोरात.

बाईंचे डोळे उघडले. बराच वेळ त्या सावीकडे बघत होत्या.

“दात आला की गं,” त्या म्हणाल्या. आवाज पत्र्यावर खडा घासावा तसा.

मी दुपट्याच्या टोकाने त्यांच्या ओठांवर थेंब थेंब पाणी पिळलं. त्यांना हलवलं नाही. सावलीसाठी खिडकीला चादर लावली. सोमवारी पहाटे पडताना हात लागून शेजारचा पाण्याचा तांब्याही कलंडला होता आणि भिजलेला पदर चोखून त्यांनी पहिला दिवस काढला होता.

“बाई, ‘येते’ मी चुकीच्या रकान्यात घातला,” मी रडत म्हणाले. “तुम्ही सांगितलं होतं. पाखरं निरोप घेत नाहीत म्हणून.”

“मलाही तेव्हा एवढंच सुचलं होतं. ‘येते’ मला कुठे सुचला?” त्या थांबल्या, पाणी गिळलं. “आणि छबूने ‘जाते’ म्हटलं असतं तर मीच ओरडले असते तिला.” मग डोळे मिटूनच विचारलं, “अंडी किती?”

“चारही आहेत.”

“सोमवारी नर किती वेळा आला?”

मी डोळे पुसून मोबाइल बघितला आणि सांगितलं, “सहा.”

“बरा आहे,” त्या म्हणाल्या. तो नर त्यांचा जावई असल्यासारखं.

रुग्णवाहिका येईपर्यंत सावी त्यांच्या बोटाला चावत बसली होती. त्या काढून घेत नव्हत्या.

बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आता त्या आमच्या पुढच्या खोलीत आहेत, सावीच्या पाळण्याशेजारी. प्रज्वलने पंखा दोनदा तपासून दिला आहे, मी न सांगता. पिल्लं निघाली. बाई मला बिछान्यातून नोंदी घ्यायला लावतात आणि माझ्या अक्षराला नावं ठेवतात.

संस्थेला मी त्याच दिवशी सगळं लिहून पाठवलं. त्यांनी चूक मान्य केली, पण दुरुस्ती तपासून सगळ्या डब्यांत जायला महिना लागेल म्हणाले. महिना! मग मी मराठी घरांची यादी काढली आणि जिथे जिथे ‘सोबत’ पन्नासच्या वर गेली होती ती तीनशे बारा घरं वेगळी केली. सावीला काखेत घेऊन रोज फोन करते. बहुतेक जण चांगले असतात, काही चिडतात, एका आजोबांनी मला पाऊण तास संधिवातावरचे उपाय सांगितले आणि मी ते सगळे ऐकले. एक आजी म्हणाल्या, “यंत्र म्हणतं घरात नव्वद माणसं आहेत? मग एकालाही भांडी घासायला सांग की.” जिथे फोन उचलला गेला नाही तिथे शेजारी शोधले, दूधवाले शोधले, एकदा सरपंचांना उठवलं. तीनशे अकरा घरं झाली.

एक राहिलं आहे. हे लिहायला बसले ते त्याच्यासाठीच.

केशव दामोदर वैशंपायन, वय ब्याऐंशी. पळसवाडी बुद्रुक, वरची आळी, पिठाच्या गिरणीमागचं निळ्या दाराचं घर. यंत्राच्या हिशेबाने त्यांच्याकडे चौऱ्याहत्तर माणसं आहेत. फोन तीन दिवस वाजतो आहे. गिरणीचा फोन बंद आहे, शेजारचे परगावी आहेत, चौकीवर ‘बघतो’ म्हणतात, आणि पळसवाडी माझ्यापासून दिवसभराच्या वाटेवर, तिथे ओळखीचं कोणी नाही. डबी लावताना भरायच्या अर्जात आम्ही एक प्रश्न ठेवला होता, घरची माणसं तुम्हाला काय म्हणून हाक मारतात? त्यांनी लिहिलं आहे, ‘आता कोणी मारत नाही. पूर्वी बापू.’

तुम्ही त्या बाजूला राहत असाल, किंवा त्या बाजूचं कोणी तुमच्या ओळखीचं असेल, तर आज जा. ठिपका हिरवा आहे, त्याच्यावर जाऊ नका. कडी वाजवा, आणि बापू म्हणून हाक मारा.